मिस्टर गेल्यानंतरचे चौदा महिने आणि थांबलेली प्रार्थना

मागच्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंचे मिस्टर अचानक गेले, आणि चार दिवसांनी रात्री साडेबाराला त्यांचा मेसेज आला, "तुम्ही प्रार्थना परत कधी करायला लागलात?" एवढंच. मी उत्तर टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, शेवटी लक्षात आलं की हे मेसेजमध्ये बसणारं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. तारखा सगळ्या माझ्या वहीतून घेतल्यात, त्यामुळे बरोबर आहेत.

आधी कसं होतं ते सांगते म्हणजे नंतरचं कळेल. आमचं सासर मूळ नेवासे तालुक्यातलं, पण लग्नानंतर आम्ही हडपसरलाच राहिलो. आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला सांगितलं होतं, "सकाळी दूध गॅसवर ठेवलं की तिथनं हलायचं नाही, वर येईपर्यंत उभ्या उभ्या प्रार्थना करायची, दूध पण उतू जात नाही आणि देवाचाही विसर पडत नाही." अर्धा लिटरला चार मिनिटं लागतात, लिटरला सात-आठ. वीस वर्षं माझी सकाळची प्रार्थना तेवढीच होती, पण रोज होती. आणि रात्री साडेआठला कौटुंबिक उपासना, म्हणजे एक गायन, एक अध्याय, ज्याची पाळी त्याची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. मिस्टर रांजणगावला कंपनीत होते, सेकंड शिफ्ट असली की जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे, मी स्पीकरवर टाकून फोन टेबलावर मधोमध ठेवायचे आणि प्रभूची प्रार्थना ते तिकडून आमच्याबरोबर म्हणायचे. मागे कँटीनच्या ताटांचा आवाज यायचा. मुलं हसायची कारण पप्पा नेहमी एक ओळ मागे असायचे, फोनमुळे.

9 जानेवारी 2024, मंगळवार. त्या रात्रीही फोन आला, प्रार्थना झाली, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" ही ओळ ते नेहमीसारखी मागून म्हणाले. मुलाला म्हणाले पाण्याची मोटर बंद कर, विसरशील. शिफ्ट अकराला सुटली, वाघोलीच्या अलीकडे त्यांच्या बाईकला ट्रकने मागून धडक दिली. मला फोन आला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दीर आले, आम्ही हॉस्पिटलला पोचलो, पण सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम, त्यात दुपारचे अडीच वाजले. हे सांगायला नको वाटतं पण कुणाला तरी उपयोगी पडेल: अपघाती मृत्यू असेल तर पोस्टमॉर्टेम झाल्यावर ताबा देताना पोलीस पत्र देतात, ते दफनभूमीत दाखवावं लागतं, आमच्याकडे त्याबरोबर पाळकांचं पत्र आणि आधारची झेरॉक्स पण मागितली. ॲम्ब्युलन्सचे तीन हजार, शवपेटीचे साडेनऊ हजार, खोदाई आणि दफनभूमीची फी मिळून सहा हजार. माझ्या पर्समध्ये त्या वेळी दोन हजार दोनशे रुपये होते. मंडळीच्या खजिनदारांनी सगळं परस्पर भागवलं आणि नंतर मी जमेल तसं फेडलं, एकदाही विचारलं नाही त्यांनी. संध्याकाळी साडेपाचला दफनविधी झाला. मुलाने माती दिली, त्याची मूठ उघडतच नव्हती, पाळकसाहेबांनी हात धरून उघडली.

आता प्रार्थनेचं. लोकांना वाटतं की माणूस दुःखात देवाकडे धाव घेतो. माझं तसं झालं नाही. घरात पहिले दहा-बारा दिवस सतत प्रार्थना चालू होती, तिसऱ्या दिवसाची सांत्वनाची भक्ती, मग भगिनी मंडळ, मग गावाकडची मंडळी, मिस्टरांच्या कंपनीतले लोक, रोज कुणी ना कुणी येऊन डोळे मिटायचं आणि मी डोळे उघडे ठेवून चटईच्या कडेकडे बघत बसायचे. कुणी म्हणालं देवाची योजना असते, कुणी म्हणालं प्रभूला चांगली माणसं लवकर हवी असतात. मनात यायचं, मग माझ्या मुलांना पप्पा नको होते का. बोलले नाही कधी, पण आतून सगळं घट्ट बंद झालं होतं. सकाळी दूध ठेवायचे आणि बाहेर येऊन बसायचे. दोनदा उतू गेलं, सासूबाई काही बोलल्या नाहीत, फडकं घेऊन पुसत राहिल्या. त्यांचाही मुलगा गेला होता.

सगळ्यात अवघड म्हणजे प्रभूची प्रार्थना. लहानपणापासून तोंडात बसलेली, झोपेतून उठवून म्हणायला सांगितली तरी म्हणू शकेन अशी. पण "तुझे राज्य येवो" पर्यंत यायचं आणि पुढे "तुझ्या इच्छेप्रमाणे" म्हटलं की घसा बंद. त्यांचा शेवटचा आवाज त्या ओळीवर होता आणि तीन तासांनी हे झालं, म्हणजे हीच इच्छा होती का? चर्चमध्ये सगळे म्हणायचे आणि मी त्या ओळीला गप्प उभी राहायचे. पुढची "रोजची भाकर" पासून परत म्हणायचे, कारण भाकर तर लागणारच होती.

त्या काळात खरं सांभाळलं ते आमच्या बिल्डिंगमधल्या एका मावशींनी. त्या रिटायर्ड नर्स आहेत. बारावा दिवस संपला, पाहुणे गेले, आणि त्या दिवसापासून त्या रोज रात्री साडेआठला यायच्या. उपदेश नाही, चौकशी नाही, पाणी पण मागायच्या नाहीत. खुर्चीवर बसून प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणायच्या, सासूबाई म्हणायच्या, लेक म्हणायची, मी गप्प, मुलगा आतल्या खोलीत दार लावून. मग पाच मिनिटं बसून घरी. मार्चपर्यंत एकही दिवस चुकवला नाही, गुडघे दुखत असताना दोन मजले चढून. एक दिवस मी त्यांना म्हटलं, मावशी, मी काही म्हणत नाही, तुम्ही कशाला येता. त्या म्हणाल्या, "अगं त्या पक्षघाती माणसाला चौघांनी खाटेवर घालून नेलं, छप्पर उसकटून खाली सोडलं, तो कुठे काही बोलला? येशूने त्या चौघांचा विश्वास बघितला. तू पडून रहा, आम्ही उचलतोय." बायबलमधल्या मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट आहे, संडे स्कूलमध्ये मी स्वतः शिकवलेली, पण खाटेवरचा माणूस मी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

ज्यांच्यावर आत्ता वेळ आलीय त्यांना एवढंच सांगेन, तुम्हाला प्रार्थना होत नसेल तर एका माणसाला स्पष्ट सांगा की माझ्या वाटची तू कर. सगळ्यांना सांगायची गरज नाही, एक पुरे. आणि जे भेटायला जातात त्यांनी पहिल्या बारा दिवसांपेक्षा तेराव्या दिवसानंतर जावं.

मधल्या काळात कागदपत्रं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी लागते, हॉस्पिटलमधून असेल तर तेच कळवतात पण कळवलंय का ते आपण जाऊन विचारायचं. दाखल्याच्या दहा प्रती एकदम घेऊन ठेवा, मी तीन घेतल्या आणि परत रजा टाकून जावं लागलं. बँक, पीएफ, विमा, गॅस कनेक्शन, शाळा, सगळीकडे प्रत लागते. पीएफच्या कामात आमचं नावातच अडकलं. मिस्टरांचं बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं स्पेलिंग, आधारवर तिसरंच, आपल्या समाजात हे खूप घरांत आहे, कृपा करून आजच रात्री घरातल्यांची आधार, पॅन आणि पीएफवरची नावं जुळवून बघा आणि नॉमिनी भरलाय का ते पण. फॉर्म तीन असतात, पीएफसाठी 20, पेन्शनसाठी 10 डी आणि विम्यासाठी 5 आयएफ. हा विमा पीएफ असलेल्या कामगाराला असतो, सात लाखांपर्यंत मिळतो, आणि मला तर माहीतच नव्हता, कंपनीतल्या एका सहकाऱ्याने सांगितला. दोन मुलांना पंचवीस वर्षांचे होईपर्यंत पेन्शनचा वाटा पण असतो. आमचा क्लेम स्पेलिंगमुळे एकदा परत आला, मग शंभरच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र, कंपनीची सही, परत सगळं. सप्टेंबरमध्ये पैसे आले.

14 फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं आणि विचारलं, प्रार्थना होते का? मी खरं सांगितलं, नाही होत, आणि ती ओळ तर अजिबात नाही. मला वाटलं समजावतील. ते म्हणाले, "मग तुझे शब्द राहू दे. उद्यापासून बायबलमधलं एक स्तोत्र रोज मोठ्याने वाच. पहिल्यापासून क्रमाने, आवडेल ते निवडायचं नाही. अर्थ काढत बसू नको. वाचून झालं की आमेन म्हण आणि उठ." मी विचारलं, मनात काही नसताना वाचलं तर ते ढोंग नाही का. ते म्हणाले, "प्रभू क्रूसावर असताना काय म्हणाला? 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास.' ते बाविसावं स्तोत्र आहे. मरताना त्यानेसुद्धा पाठ असलेले शब्द वापरले."

हे वाक्य मला पुढे वर्षभर पुरलं.

तर 15 फेब्रुवारीला पहिलं स्तोत्र. चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसेना म्हणून मोठ्या टाईपचं बायबल घेतलं, साडेपाचशे रुपये. आणि दोनशे पानी एक वही, तिच्यात रोज फक्त तारीख आणि स्तोत्राचा नंबर लिहायचा. जागा ठरवली तीच, गॅससमोर. बायबल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचं, दूध ठेवायचं आणि वाचायचं. सुरुवातीला नुसता आवाज होता, भाजीवाल्याचं बिल वाचावं तसं. तेराव्या स्तोत्राला पहिल्यांदा थांबले, कारण त्यात "कोठवर, कोठवर" असं चार वेळा विचारलंय, देवालाच, आणि सुरुवातीलाच, आधी स्तुती वगैरे काही नाही. मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं, आई हे बघा. त्या म्हणाल्या, "मला माहितीये, मी रोज तेच म्हणते." इतके दिवस आम्ही दोघी एका घरात वेगवेगळ्या रडत होतो.

मग मी पेन्सिलने खुणा करायला लागले, ज्या स्तोत्रात माणूस तक्रार करतोय, रडतोय, भांडतोय त्याच्यापुढे फुली. सगळी दीडशे स्तोत्रं पूर्ण झाली तेव्हा पन्नासच्या वर फुल्या होत्या. एवढी वर्षं चर्चमध्ये बसून मला वाटायचं स्तोत्रं म्हणजे स्तुतीच, कारण आपण गातो ती तेवढीच. 10 एप्रिलला छप्पन्नावं आलं, ज्यात देव माणसाची आसवं बुधलीत भरून ठेवतो असं आहे. माती देऊन तीन महिने झाले होते त्या दिवशी. दूध वर आलं, मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून पहिल्यांदा मोकळी रडले.

त्याआधी 29 मार्चचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) झाला, बारा ते तीनची उपासना, क्रूसावरचे सात उद्गार. सकाळचं स्तोत्र चव्वेचाळीसावं होतं, त्यात लोक देवाला म्हणतात जागा हो, झोपलास का. उपासनेत पाळकसाहेब गेथशेमाने बागेबद्दल बोलले, जिथे येशूने पकडला जाण्याआधी प्रार्थना केली. मी ते हजार वेळा ऐकलंय पण ह्या वेळी वेगळंच कानात गेलं. येशूने आधी सरळ मागितलं, की हा प्याला टळो. एकदा नाही, तीन वेळा जाऊन प्रार्थना केली, आणि मत्तयाने लिहिलंय की तेच शब्द परत बोलला. "तुझ्या इच्छेप्रमाणे" हे त्याने घाम गाळत, मित्र झोपलेले असताना, नको नको म्हणत म्हटलं. आपण ते चहा पिता पिता म्हणतो. मी त्या दिवशी ठरवलं की ओळ मी म्हणायची नाही, जबरदस्ती करायची नाही, पण तिच्याजवळ उभं राहायचं. म्हणजे पहिली दोन वाक्यं म्हणायची आणि त्या ओळीला गप्प राहून मनात म्हणायचं, मला हे नको होतं. आणि पुढे जायचं. माझ्यापुरती ती प्रार्थनाच होती.

एप्रिल-मेमध्ये झोप पूर्ण गेली. रात्री बरोबर बारा वाजून वीसला जाग यायची. कुणीतरी सांगितलं विश्वास कमी पडतोय, जास्त प्रार्थना कर. त्यावर माझं स्पष्ट मत आहे, झोप नसेल, जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरकडे जा. मी 14416 ला फोन केला, टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरकारी दवाखान्यात कुठे जायचं ते सांगितलं. चार महिने गोळ्या घेतल्या, पाच वेळा समुपदेशन झालं. प्रार्थना त्यामुळे कमी झाली नाही, उलट डोकं जरा शांत झाल्यावर वाचलेलं आत जायला लागलं.

12 मे, रविवार. आमच्या लग्नाचा वाढदिवस. आणि क्रमाने आलं ते अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. ज्यांनी वाचलं नसेल त्यांना सांगते, बाकीची रडणारी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" वगैरे येतं, हे वळत नाही. शेवटपर्यंत अंधार आणि अंधारातच संपतं. मी वाट बघत होते की आता शेवटच्या ओळीत काहीतरी उजेड येईल, आणि स्तोत्र संपलं. परत वर जाऊन वाचलं. मग इतकं हायसं वाटलं की काय सांगू. म्हणजे असंही म्हणून आमेन म्हणता येतं, हेही पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही, कुणी त्याला शेवट गोड करायला लावला नाही. त्या दिवशी चर्चला जाताना मी मिस्टरांनी घेतलेली जांभळी साडी नेसले.

मुलाबद्दल लिहायला हवं. त्याची बारावी होती, 21 फेब्रुवारीला पेपर सुरू झाले, वडील जाऊन दीड महिना झालेला नव्हता. तो चर्चला येणं थांबला, उपासनेला आतल्या खोलीत. नातेवाईक म्हणायचे समजाव त्याला. मी नाही समजावलं, मी स्वतःच कुठे उभी होते. फक्त दार लावलेलं असलं तरी आम्ही बाहेर आवाज मोठा ठेवायचो, बस. 21 मेला निकाल लागला, 68 टक्के. पेढे आणले, तो सरळ बाईक नको म्हणून बसने दफनभूमीत गेला आणि एक पेढा तिथे ठेवून आला, हे मला आठ दिवसांनी कळलं, वॉचमनकडून.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या (मी शाळेच्या ऑफिसमध्ये क्लार्क आहे) आणि माझी बसची चाळीस मिनिटं परत सुरू झाली. तिथे पुस्तक उघडता येत नाही, उभं राहायला मिळालं तरी नशीब. मग एका श्वासाची प्रार्थना सुरू केली, श्वास घेताना "प्रभू येशू", सोडताना "माझ्यावर दया कर". बायबलमधला आंधळा बार्तीमय रस्त्याच्या कडेला बसून येशूला ओरडला तीच. कोर्टात, बँकेत, झेरॉक्सच्या दुकानात, कुठेही चालते, ओठ पण हलवावे लागत नाहीत. दाव्याच्या कामात हिने मला उभं ठेवलं. अपघाताचा नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांत दाखल करा असं वकिलांनी सांगितलं होतं, एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, पगाराच्या स्लिपा, ट्रकच्या विम्याची प्रत, सगळं जमवून 24 जूनला दाखल झाला. पंचनाम्याची प्रत मी पहिल्यांदा त्या दिवशी नीट वाचली. त्यात एक ओळ आहे, "हेल्मेट रस्त्याच्या डाव्या बाजूस पडलेले." त्या ओळीवर मी किती वेळ थांबले माहीत नाही, वकिलांच्या असिस्टंट मुलीने पाणी आणून दिलं.

त्याच आठवड्यात बायबल अभ्यासात विलापगीत हे पुस्तक चालू होतं. पाच अध्याय, यरुशलेम पडल्यानंतरचे. पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ हिब्रूत पहिले चार अध्याय बाराखडीच्या क्रमाने आहेत, त्यांच्या बावीस अक्षरांनी एकेक कडवं सुरू होतं, तिसऱ्या अध्यायात तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन, म्हणून सहासष्ट ओव्या. पाचव्यात ओव्या बावीसच आहेत पण क्रम सुटतो. शहर जळून गेलेल्या माणसाने बसून अक्षरं लावली. घरी येऊन मी वहीत मागच्या पानावर आपली मुळाक्षरं लिहिली आणि एकेका अक्षराला देवाला जे सांगायचंय ते लिहायला लागले. अ ला अपघात. क ला कँटीन. ग ला गॅसचं पासबुक, अजून त्यांच्या नावावर होतं. ह ला हेल्मेट. लेक सातवीत, शेजारी बसून बघत होती, म्हणाली मम्मी मी पण. तिने ब ला बाईक नाही लिहिलं, बिस्किट लिहिलं, कारण पप्पा शिफ्टवरून येताना तिच्यासाठी कंपनीतला बिस्किटचा पुडा न खाता आणायचे. मला हे माहीत पण नव्हतं, उशीखाली ठेवायचे म्हणे. ळ ला आम्ही अडलो, ळ ने काहीच सुरू होत नाही. ती म्हणाली, "ळ मधेच येतो मम्मी, काळजीत, आभाळात, बाळात." मग आम्ही ळ समोर नुसतं "बाळ" लिहिलं, सासूबाई मिस्टरांना बाळ म्हणायच्या. तीन रात्री लागल्या सगळी अक्षरं व्हायला. मावशी आणि सासूबाईंच्या समोर आम्ही ते उपासनेत वाचलं, अ पासून ज्ञ पर्यंत, मुलगा आतून बाहेर आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बसला नाही, पण ऐकलं शेवटपर्यंत. ज्यांना लिहून मन मोकळं होतं त्यांनी हे जरूर करून बघा, वही शाळेची चालते.

ऑगस्टमध्ये भगिनी मंडळाची केडगावला सहल गेली, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनला. पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगाव स्टेशन, तिथून रिक्षा. मी नको म्हणत होते, मावशींनी नेलं. पंडिता रमाबाईंची गोष्ट आपल्याला पाठ असते, विदुषी, शारदा सदन, दुष्काळातल्या मुली. पण त्या दिवशी माझं लक्ष सगळं तारखांकडे. आईवडील दुष्काळात गेले, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा, कॉलराने, पदरात लहान मनोरमा. आणि 1921 ला तीच मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या, म्हणजे लेकीनंतर वर्षही झालं नाही, आणि त्या शेवटच्या काळातही हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर चालूच होतं. 1905 साली तिथे रोज ठरल्या वेळी शेकडो बायका प्रार्थनेला जमायच्या. त्यातल्या कितीतरी विधवा, टाकलेल्या, दुष्काळात सगळं गमावलेल्या. मी आवारात झाडाखाली बसले होते आणि मनात आलं की त्या सगळ्यांनी पण ती ओळ म्हटली असेल. कशी म्हटली असेल कुणास ठाऊक. कुणी कुणी माझ्यासारखी गप्पही राहिली असेल.

ती ओळ परत कधी आली ते मला नक्की सांगता येत नाही, त्याची वहीत तारीख नाही. नाताळच्या उपासनेत मुलगा आला होता, शेवटच्या बाकावर बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि तो सगळ्यांच्या एक ओळ मागे म्हणत होता, मुद्दाम की कसं माहीत नाही, मी विचारलं नाही. त्याची वाट बघत मी त्याच्याबरोबर म्हणत गेले आणि ती ओळ होऊन गेल्यावर मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत नाही झाली. तिसऱ्या दिवशी झाली. अजूनही तसंच आहे, काही दिवस होते काही दिवस नाही, आणि मी आता त्याचा हिशोब ठेवत नाही.

9 जानेवारी 2025 ला वर्ष झालं. घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली, चाळीस माणसं, पोहे आणि चहा, खर्च साडेतीन हजार. स्तोत्रांची तिसरी फेरी चालू होती, त्या दिवशी तिसावं आलं, रात्रीचं रडणं आणि सकाळचा हर्ष असलेलं. सासूबाई म्हणाल्या, हे मी वाचते, आणि त्यांनी चष्मा न लावता वाचलं, पाठ होतं त्यांना. मला तो हर्ष अजून आलेला नाही, हेही खरं लिहायला हवं, पण वाचलेलं ऐकून राग आला नाही. मागच्या वर्षी आला असता.

आत्ताची दिनचर्या विचाराल तर साधी आहे. पाच पस्तीसला उठणं, दूध आणि स्तोत्र. बसमध्ये श्वासाची प्रार्थना. दुपारी डबा खाताना एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी दोन वाक्यं, वहीत आठवड्याची सात नावं लिहिलेली आहेत, रविवारी बदलते. रात्री साडेआठला उपासना, पाळी लावलीय, लेक सोमवार-गुरुवार, सासूबाई मंगळवार, मावशी आल्या तर त्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन स्तोत्रं, आणि आजारी असले तर नुसतं आमेन. फोन त्या वेळेत टेबलावर नाही ठेवत आम्ही, आतल्या खोलीत असतो.

सात नावांमध्ये ह्या आठवड्यात त्या ताई आहेत ज्यांचा मेसेज आला. शनिवारच्या जागेवर जूनपासून मी "ट्रकवाला" लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय. त्याचं नाव एफआयआरमध्ये आहे, मला माहितीये, पण वहीत लिहिता आलेलं नाही. शनिवार आला की त्या जागेवर थांबते, डबा बंद करते आणि हात धुवायला जाते. दाव्याची पुढची तारीख 18 मार्च आहे, शिवाजीनगर कोर्टात, तोही येईल बहुतेक. मुलगा म्हणालाय की कॉलेज बुडवून बरोबर येतो. मावशींना सांगून ठेवलंय त्या दिवशी अकरा वाजता घरी बसून माझ्या वाटची प्रार्थना करा म्हणून.